ज्याचा चिमटा त्यानेच हलवायचा

९ सप्टेंबर

आर्वो,

खुशाली शेवटी. आधी कामाचं.

तुझ्या लेकीने तुझं धनुष्य खाली काढलंय. सौनाच्या न्हाणीघराच्या माळ्यावर मेणकापडात गुंडाळून ठेवलं होतं मी, कारण त्याचं काय करायचं ते तू सांगून गेला नव्हतास. सेन्याने ते शोधलं, गावात नेऊन त्याची दोरी बदलून आणली, आणि आता वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून सुटली की रोज अंधार पडेस्तोवर गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारते. नेम चांगला आहे. तुझ्यापेक्षा चांगला, कारण तिला घाई नसते.

नेमाची मला काळजी नाही. मचाण बांधायला तिला झाड तुझंच हवंय, ओढ्यावरचं. मी म्हटलं, बटाट्याच्या शेताच्या कडेला जमिनीवर तंबू ठोक आणि बस आत खुर्ची टाकून. तर म्हणते, "आत्या, खुर्चीत बसूनच खायचं असेल तर मी दुकानातून आणते की मांस." आता वीस वर्षांच्या पोरीला मी बांधून तर ठेवू शकत नाही.

माझा नवरा चालतो. काठी घेऊन, डावा पाय ओढत. हवा पालटणार असली की रेडिओच्या आधी रूडीच्या कमरेला कळतं. शेडमध्ये हरणं आता मी एकटीच सोलते आणि कापते. तो बसून सुऱ्यांना धार लावतो आणि मांस कागदात बांधतो.

काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण आपल्या घरात कुणी ते सरळ बोललेलंच नाही. मचाण झाडाला आवळायचा बंद तू उन्हाळाभर झाडावरच सोडलास. ऊन-पावसाने तो कुजला, उरला तो खारींनी कुरतडला. रूडी चढला आणि मचाणासकट खाली आला. तेवढं तुझं. पण तो तुझ्या मचाणावर तुला न विचारता चढला होता, अंगात पट्टा न घालता, तुझा तो मोठा शिंगवाला नर गुपचूप मारायला. आणि तुला पत्ता लागू नये म्हणून दाराजवळच्या फळीवर, कोण कुठल्या मचाणावर गेलाय ते दाखवणाऱ्या नकाशावर, आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा त्याने बटाट्याच्या शेतावर लावला होता. आम्ही सगळे दुपारपर्यंत शेताच्या कडेने हाका मारत फिरलो आणि तो ओढ्याकाठी गारठून पडलेला. तेवढं त्याचं. बंद काय, कुणाचाही कुजतो. पण तो दवाखान्यातून घरी यायच्या आत ट्रकमध्ये कपडे टाकून अ‍ॅरिझोनाला पळालास आणि पोर माझ्याकडे ठेवलीस, ते तुझं एकट्याचं.

फळी आहे तिथेच आहे. बाबांनी रंगवलेला ओढा आता फिका पडलाय, पण मचाणांचे खिळे जागच्या जागी आहेत. तुझा चिमटा अजून ओढ्याच्या खिळ्यावर आहे. कुणी हात लावला नाही.

सेन्याला नाही म्हण. माझं ती ऐकत नाही. तुझंही ऐकेल असं नाही, पण तुझ्यावर चिडून तरी ते झाड सोडेल.

व्हर्ना

खुशाली: आहोत.

२३ सप्टेंबर

आर्वो,

नाही म्हण सांगितलं होतं. तू खोकं पाठवलंस.

पोस्टमनने ते पायरीवर ठेवलं तेव्हा मला वाटलं आत चिठ्ठी असेल. सगळं उपसलं, तळाचा कागदसुद्धा उलटून पाहिला. एक ओळ नाही. मचाणाचे नवे बंद, झाडाच्या बुंध्यापासून शेंड्याकडे बांधायचा जाड दोर, त्यावर सरकणारी गाठ, आणि अंगात घालायचे पट्टे. पट्टे दोन. एक सेन्याच्या मापाचा, दुसरा मोठा. रूडीने तो हातात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "हा कुणाला?" मी म्हटलं, ज्याला मागच्या वेळी नव्हता त्याला. तो उठून बाहेर गेला. पट्टा मी खुंटीवर टांगला, तो तिथेच आहे.

सेन्याच्या पट्ट्याला तू स्वतः एक लांब फासा बांधून दिलायस. ती गाठ मी ओळखली. बाबा जाळ्याला मारायचे तीच. दोन शब्द लिहायचे तर हात मोडतो, पण गाठ मारायला वेळ मिळतो तुला. असो.

शनिवारी सेन्या आणि रूडी ओढ्यावर गेले, मीही गेले. तुझा जुना बंद अजून झाडाच्या अंगात होता. त्याच्यावर साल चढली होती, करवतीने कापून काढावा लागला. सेन्याने तो खिशात घातला. नवं मचाण तिने बांधलं आणि रूडी खाली काठीवर रेलून हुकूम सोडत होता.

"अजून आवळ."

"काका, अजून आवळला तर झाड बोंबलेल."

"बोंबलू दे. आणि हंगाम संपला की सोडून घरी आणायचा. आपल्या घरात ही गोष्ट शिकायला एक कंबर खर्ची पडली आहे."

ते ऐकून तिने बंद आणखी एकदा आवळला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो यावर बोलला.

घरी आल्यावर मी म्हटलं, असं नाही चालायचं, आधी लोंबून दाखव. शेडमध्ये हरणं उचलायची कप्पी आहे ना, तिच्या आकड्याला तिचा पट्टा अडकवला आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत ओढली. पहिल्यांदा हसत होती. मग म्हणाली, "आत्या, मांड्या आवळतायत." मी बादली धुवायला घेतली. जरा वेळाने म्हणाली, "आत्या, पाय बधिर झाले, खरंच." तेव्हा सांगितलं, आता तुझ्या बापाचा फासा काढ. तिने तो कमरेवरून सोडला, त्यात पाऊल घातलं आणि त्यावर उभी राहिली. तोंडाचा रंग परत आला. पट्टा पडू देत नाही, पण नुसतं लोंबत राहिलं तर तोच जीव घेतो. हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, रूडीच्या वेळी.

नेमका तेव्हाच ड्वेन आला. रूडीचा हा चुलतभाऊ आपल्या कुंपणापलीकडे राहतो आणि कॉफीच्या वासाने अलीकडे येतो, तो काही बदललेला नाही. दारात थांबून लोंबणाऱ्या सेन्याकडे बघत म्हणाला, "व्हर्ना, यंदा हंगाम लवकर उघडला काय? कातडं कधी काढतेस?"

"आधी तुझं काढते," सेन्या वरून म्हणाली.

तुझ्यासारखीच बोलते.

व्हर्ना

८ ऑक्टोबर

आर्वो,

धनुष्याच्या शिकारीचा हंगाम उघडून आठवडा झाला. तुला उत्तर लिहायला जमणार नाही हे मी धरूनच चालले आहे, तेव्हा मीच लिहिते.

सेन्याने पहिल्याच आठवड्यात एक मादी मारली, बटाट्याच्या शेताच्या बाजूने. बाण लागला आणि मादी झुडपात गेली. तू असतास तर लगेच मागे पळाला असतास. ही झाडावरच बसून राहिली, थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत, मग आधी धनुष्य दोरीने खाली सोडलं, मग स्वतः उतरली. मादी जवळच पडली होती. बाण सापडला तेव्हा त्याचं टोक आधी झाकणात घातलं आणि मग भात्यात. ड्वेन एकदा चार बाण उघडेच हातात घेऊन कुंपण चढत होता ते आठवतं ना? मांडीवरची ती खूण तो अजून बायकांना दाखवतो, अस्वल होतं म्हणून सांगतो.

आता खरी गोष्ट. ओढ्यावर एक शिंगवाला येतोय. सेन्याने पाहिला, रूडीने त्याच्या खुरांचे ठसे पाहिले, आणि त्या दिवसापासून घरातली माणसं चोरासारखी वागायला लागली आहेत. जेवताना कुणी त्याचं नाव काढत नाही. ड्वेन रोज येतो. वेलचीचा पाव खातो, कॉफी पितो, आणि पाठ खाजवायच्या निमित्ताने दाराशी जाऊन फळीकडे बघतो. सेन्याचा चिमटा कुठे आहे ते बघायचं आणि कुंपणाच्या त्याच टोकाला आपलं मचाण टाकायचं, एवढाच त्याचा डाव.

सेन्याने मला विचारलं, "आत्या, त्याला दिसू नये म्हणून मी चिमटा दुसरीकडे लावला तर?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. म्हटलं, तुझ्या काकाने हेच केलं होतं. ती फळी हरणासाठी नाही. ती मला कळावं म्हणून आहे, की तू आली नाहीस तर स्ट्रेचर कुठे न्यायचं. ड्वेनला दिसलं तर दिसलं. शिंगं गेली तर पुढल्या साली दुसरी येतील. आणि या घरात जो चिमटा खोटा लावेल त्याचं हरीण मी कापणार नाही. दारात सडू देईन.

रूडी तिथेच कागद फाडत बसला होता.

सेन्या म्हणाली, "बरं. खराच लावीन."

आणि लावते. रोज सकाळी निघताना लावते आणि परत आली की "घर" लिहिलेल्या खिळ्यावर आणते. त्या पोरीचा शब्द खोटा नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तू विचारणार नाहीसच.

व्हर्ना

२७ ऑक्टोबर

आर्वो,

हे बसून वाच. सेन्या ठीक आहे, हे आधी लिहिते म्हणजे तू पान उलटायची घाई करणार नाहीस. उजवं मनगट मोडलंय आणि मांड्या काळ्यानिळ्या आहेत. बाकी काही नाही.

काल पहाटे ती ओढ्यावर गेली. पहिलं दव गोठलं होतं, गवत पांढरं झालं होतं. जाताना तिने चिमटा ओढ्याच्या खिळ्यावर लावला, तुझ्या चिमट्याशेजारी. दुपारच्या जेवणाला येते म्हणाली. मी शेडमध्ये गेले. नंतर ड्वेन कॉफीला आला, आणि मग तो आणि रूडी माझ्या कापायच्या यंत्राचं पातं आणायला गावात गेले. मी शेडच्या दारातून हात केला, घरात गेले नाही.

दुपारी मांस-बटाटा भरलेल्या पास्टी भट्टीतून काढल्या, ताटं मांडली. सेन्या नाही. फळी बघितली तर चिमटा बटाट्याच्या शेतावर. मनात म्हटलं, जागा बदलली असेल. कोट चढवला आणि शेताकडे गेले. तिथलं मचाण रिकामं. हाका मारल्या. कडेकडेने पार टेकडीपर्यंत गेले, झुडपांत वाकून वाकून बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी याच कडेने याच हाका मारत फिरले होते, फक्त नाव दुसरं होतं.

परत आले तेव्हा रूडी आणि ड्वेन नुकतेच टेबलाशी बसत होते.

रूडी म्हणाला, "पास्टी गार झाल्या. कुठे होतीस?"

"सेन्या आली नाही. शेतात नाही ती."

त्याने कपाकडे नेलेला हात तिथेच राहिला. म्हणाला, "शेतात कशी असेल? ती ओढ्यावर आहे."

"फळीवर शेत आहे."

"चिमटा मी हलवला."

ड्वेन त्याच्याकडे बघायला लागला. रूडी टेबलाकडे बघत बोलला, "ड्वेन पायऱ्या चढत होता. शिंगवाला ओढ्यावर आहे हे त्याला कळलं असतं. परत आलो की जागेवर लावणार होतो. पोरीसाठीच केलं, व्हर्ना."

बोलायला नंतर सगळा जन्म पडला आहे. खुंटीवरचा मोठा पट्टा काढला आणि ट्रकची किल्ली घेतली. ड्वेनने न सांगता शिडी मागे टाकली. रूडी काठी विसरून ट्रकपर्यंत आला.

ओढ्याशी इंजिन बंद केलं तेव्हा आवाज आला. ती गात होती. बेसूर, तुझ्यासारखी. घसा बसला होता, पण ओरडून दमली तर निदान गात राहावं असं तिला वाटलं म्हणे. पाण्याच्या आवाजात ते रस्त्यापर्यंत पोचतच नव्हतं.

उतरताना पायरीवरच्या दवाने तिचा पाय सटकला होता. हात खोडावर आपटून मनगट गेलं. दोराची गाठ घट्ट बसली आणि पट्ट्याने तिला झाडाला लटकती धरून ठेवलं. मोडक्या हाताने परत पायरीवर येता येईना. फोन पिशवीत, आणि पिशवी धनुष्याबरोबर आधीच खाली सोडलेली. ती तिथून पिशवीकडे बघत सकाळभर लोंबत होती. पण तुझ्या फाशात उभी होती, आर्वो. कधी हा पाय, कधी तो पाय, बदलत बदलत. शेडमध्ये केलं तसंच.

ड्वेनने शिडी लावली आणि रूडी शिडीच्या पायाशी अंगाचा भार टाकून उभा राहिला. मी चढायला लागले, तर वरून आवाज आला.

"आत्या, आधी आकडा अडकव."

"गप बस, येतेय मी."

"आधी आकडा. नाहीतर मी येणार नाही खाली."

बावन्न वर्षांची मी, निम्म्या शिडीवर लोंबकळत, आणि ही मला शिकवते. खाली उतरले. पट्टा नीट आवळला, दोराला आकडा लावला आणि मग चढले. तिचे पाय एकेक करून शिडीच्या दांडीवर ठेवले. अंगाचा भार उतरला तशी गाठ ढिली झाली, आणि पायरी पायरीने गाठ सरकवत आम्ही दोघी खाली आलो. जमिनीवर आल्यावर तिला उभं राहता येईना. रूडी तिच्याशेजारी पानांत बसला. त्याला तसं बसता येत नाही, तरी बसला.

"चिमटा मी हलवला होता," त्याने तिला सांगितलं.

सेन्या म्हणाली, "का?"

"ड्वेनला शिंगवाला कळू नये म्हणून."

ड्वेन तिथेच शिडी आवरत होता. म्हणाला, "मला कधीचा माहीत आहे तो. माझ्या बायकोच्या कोबीतून रोज ओढ्यावर जातो."

सेन्या हसायला लागली, मग रडली, मग दोन्ही एकदम. तिला गाडीत घातलं.

व्हर्ना

४ नोव्हेंबर

आर्वो,

फोन केलास, बरं केलंस. सेन्या म्हणाली तू काही बोलला नाहीस, नुसता श्वास ऐकू येत होता, आणि शेवटी म्हणालास, "गाठ टिकली का?" तिने सांगितलं टिकली. मग फोन ठेवलास. तुझ्या मानाने हे भाषणच झालं.

तिने तो जुना कुजका बंद तुला दाखवायला ठेवला होता, तुझ्या तोंडावर फेकायला. असं तिनेच मला सांगितलं. काल तो चुलीत घातला. का ते मी विचारलं नाही. तू येऊन विचार.

रूडीला तुला काही लिहायचं आहे. त्याला लिहिता येतं, पण म्हणतो तूच लिही. तो बोलला तसं उतरवते: "आर्वो, मी तुझ्या मचाणावर चोरून चढलो होतो. बंद कुजका आहे हे खालूनच दिसत होतं. दिसलं आणि तरी चढलो, कारण शिंगवाला वाऱ्याच्या बाजूने येत होता, त्याला माझा वास लागणार नव्हता. हे मी व्हर्नालाही सांगितलं नव्हतं." एवढंच.

हे मलाही काल कळलं. मी त्याला रात्रभर शेडमध्ये झोपवणार होते, पण थंडी आहे.

घरात आता नवा नियम आहे. मी तो फळीच्या वर कोळशाने लिहिला आहे, अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं: ज्याचा चिमटा त्यानेच हलवायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला कुणी बोट लावायचं नाही. भल्यासाठीसुद्धा नाही. ड्वेनने आपला एक चिमटा आणून ठेवलाय. म्हणतो, तुमच्या घरात एवढा वेळ असतो तर माझीही नोंद राहू दे. रूडीने त्याला वेलचीच्या पावाचा मोठा तुकडा दिला.

सेन्याचं मनगट या हंगामात बरं होणार नाही. शिंगवाला अजून फिरतोय. बंदुकीचा हंगाम पंधराला उघडतो. रानात एकमेकांना दिसावं म्हणून घालायचे सगळ्यांचे भगवे कोट धुऊन दोरीवर घातलेत. तुझाही धुतला. पेटीत होता, कसर लागली नव्हती.

आता तुझ्या चिमट्याचं. तो अजून ओढ्याच्या खिळ्यावर आहे. फळी पुसायला घेतली तेव्हा माझा हात त्याच्याकडे गेला होता, दोन वर्षं धूळ खातोय म्हणून. मग नियम आठवला. मी हलवणार नाही. सेन्याही नाही. तेव्हा फळीपुरता तू अजून रानातच आहेस, आणि रानात कुणी असलं की मी टेबलावरचं ताट उचलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आम्ही दुपारी बारा वाजता जेवतो.

व्हर्ना